म्यूल डिअरची पहिली शिकार : अर्जापासून फ्रीजरपर्यंत

अमेरिकेच्या पश्चिम भागात स्थायिक झालेल्या मराठी माणसांना दोन-चार वर्षांत डोंगरांची ओढ लागतेच. आधी हायकिंग, मग कॅम्पिंग होतं. मग एखाद्या ऑक्टोबरात, नारिंगी जॅकेट घातलेली माणसं पहाटे रस्त्याकडेला गाड्या लावून अंधारात वर चढताना दिसतात आणि प्रश्न सुरू होतात. ही माणसं नेमकं काय करतात? परवानगी कशी मिळते? आपल्याला जमेल का? ज्यांना हे मनापासून करून पाहायचंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी कोलोरॅडोत शिकार करतो, म्हणून नियम आणि जागा इथल्याच सांगतो. यूटा, वायोमिंग, आयडाहो, नेवाडा इथेही प्राणी तोच, म्हणजे म्यूल डिअर हे मोठ्या कानांचं हरीण, पण कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे.

आपण ज्या देशातून आलो तिथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे आणि तिथल्या परिस्थितीत ते योग्यच आहे. इथे शिकारीला परवानगी आहे, पण मोकळं रान नाही. दरवर्षी कळपांचा अंदाज घेऊन कुठल्या भागात किती नर आणि किती माद्या मारायला परवानगी द्यायची, हे राज्य ठरवतं. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. म्हणजे टॅग (एका जनावराच्या शिकारीचा परवाना) घेणारा माणूस या व्यवस्थेचा भाग असतो. हे नीट समजून घेतलं, तर पुढचे किचकट वाटणारे नियम जाच वाटत नाहीत.

कागदपत्रं : सुरुवात हिवाळ्यातच

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय परवाना नाही. अभ्यास ऑनलाइन होतो, पण शक्य असेल तर प्रत्यक्ष वर्गाला जा. बंदूक हातात घेऊन कुंपण कसं ओलांडायचं, नळी कुठे रोखलेली ठेवायची, चेंबर रिकामं आहे हे कसं तपासायचं, या गोष्टी कोणीतरी समोर उभं राहून करवून घेतल्या की अंगवळणी पडतात.

कोलोरॅडोत म्यूल डिअरचा टॅग दुकानात जाऊन विकत मिळत नाही. त्यासाठी ड्रॉ, म्हणजे सोडत, असतो. अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते, आणि अर्ज करण्याआधी एक पात्रता परवाना घ्यावा लागतो, उदाहरणार्थ छोट्या प्राण्यांच्या शिकारीचा वार्षिक परवाना. शिकारीसाठी राज्याचे युनिट, म्हणजे विभाग, पाडलेले आहेत आणि तुमचा टॅग ठरावीक युनिटसाठी, ठरावीक तारखांसाठी, ठरावीक शस्त्रासाठी आणि नर किंवा मादीसाठी असतो. टॅग लागला नाही की प्रेफरन्स पॉइंट मिळतो आणि पुढच्या वेळी तुमची पाळी जवळ येते. नामांकित युनिटांसाठी लोक वर्षानुवर्षं पॉइंट साठवतात.

माझा आग्रह असा, की पहिल्या वर्षी मादीचा टॅग मागा. तो बऱ्याच ठिकाणी लवकर लागतो, माद्या जास्त दिसतात, आणि शिंगांच्या मोहात न पडता तुम्ही शिकारीचं सगळं काम एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहता. मांसही चांगलं निघतं. नराच्याच मागे जायचं असेल तर दुसरा किंवा तिसरा रायफल सीझन पाहा. हे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर माज सुरू होतो आणि एरवी दडून राहणारे मोठे नर उघड्यावर येतात. म्हणूनच चौथ्या सीझनच्या टॅगला इतकी मागणी असते.

युनिट निवडताना जुन्या लौकिकावर विसंबू नका. मीकरच्या आसपासचा प्रदेश, पिसिआन्स बेसिन, गनिसन बेसिन ही नावं म्यूल डिअरसाठी प्रसिद्ध आहेत. पण २०२२-२३चा हिवाळा वायव्य कोलोरॅडोत आणि पश्चिम वायोमिंगमध्ये इतका कडक गेला की कळपच्या कळप खंगले आणि परवान्यांची संख्या कमी करावी लागली. मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे राज्याच्या संकेतस्थळावर असतात, ते वाचा.

आता खास आपल्या लोकांसाठी. एच-१बी, एफ-१ अशा व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्यानुसार एरवी बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की हा अपवादही संपला. आणि ‘बंदूक माझी नाही, मित्राची आहे’ हा बचाव इथे चालत नाही, हातात घेतली तरी ती बाळगलीच. त्यामुळे परवाना आधी, सराव नंतर, आणि मनात शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय नेमबाजीच्या रेंजवरही जाऊ नका. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही.

रायफल आणि सराव

यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण नवख्याला फार बोलण्याची गरज नाही. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर लागतं. .२७० विंचेस्टर, .३०८, ६.५ क्रीडमूर, .३०-०६ यांपैकी जी मिळेल आणि जिचा धक्का सोसेल ती घ्या. स्कोपवर (रायफलवरच्या दुर्बिणीवर) मात्र कंजुषी करू नका.

रायफल २०० यार्डांवर झिरो करा, म्हणजे त्या अंतरावर नेम धराल तिथेच गोळी लागेल अशी जुळवून घ्या. .२७० ची १३० ग्रेन वजनाची गोळी तिथून पुढे ३०० यार्डांवर साधारण सहा-सात इंच खाली जाते. हरणाच्या छातीतला मर्मभाग आठ-दहा इंचांचा. हे गणित पाहिलं की स्वतःची मर्यादा कळते. रेंजवरच्या टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारलेल्या गोळ्या डोंगरात कामाला येत नाहीत. बसून, गुडघ्यावर, पाठपिशवीवर रायफल ठेवून, शूटिंग स्टिकवर, आणि पन्नास पावलं पळून धाप लागलेली असताना सराव करा. ज्या अंतरावर अशा स्थितीतही प्रत्येक गोळी जेवणाच्या ताटाएवढ्या निशाण्यात बसते, ती तुमची मर्यादा. बहुतेक नवख्यांसाठी ती २०० यार्डांच्या आतबाहेर असते. हरीण त्याहून लांब असेल तर जवळ जायचं.

नारिंगी कपड्यांबद्दल नियम स्पष्ट आहे. रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी. नक्षीदार कॅमो-नारिंगी धरला जात नाही. हरणाला हा रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे लपण्याची काळजी नको. त्याला दिसते ती हालचाल.

उन्हाळ्यात घरी नकाशा, मग डोंगर

टॅग लागला की नकाशा उघडा. सरकारी जमीन कुठली, खाजगी कुठली हे दाखवणारं अ‍ॅप फोनवर असलंच पाहिजे. कोलोरॅडोत खाजगी जमिनीवर पाटी किंवा कुंपण नसलं तरी परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याच्या) आणि नॅशनल फॉरेस्टच्या जमिनी सगळ्यांना खुल्या असतात.

म्यूल डिअर हा ऋतूप्रमाणे जागा बदलणारा प्राणी आहे. उन्हाळ्यात तो उंचावर, झाडांची हद्द संपते त्याच्याजवळ असतो. बर्फ पडू लागला की सेजची झुडपं आणि जुनिपरची झाडं असलेल्या उतारांकडे खाली सरकतो. वायोमिंगमधल्या रेड डेझर्ट ते होबॅक या मार्गावर हीच हरणं सुमारे २४० किलोमीटर जातात. म्हणून ऑगस्टमध्ये ज्या कड्यावर तुम्हाला नरांचा घोळका दिसला, तिथे नोव्हेंबरात चिटपाखरूही नसू शकतं. तुमच्या सीझनच्या तारखांना हरीण वर असेल, खाली असेल की वाटेत असेल, हा विचार करून दोन-तीन जागा हेरून ठेवा. एक उंचावरची, एक मधली, एक खालची.

जागा म्हणजे कुठली? जिथे बसून तुम्हाला समोरचा मोठा उतार दिसतो, ती. रस्त्यापासून दीड-दोन मैल आत गेलात की माणसांची गर्दी पातळ होते. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे येईल अशी निवडा, म्हणजे समोरचा उतार उजळतो आणि तुमच्या डोळ्यांवर ऊन येत नाही.

बसणं आणि बघणं

नवखे रिकाम्या हाती परततात त्यामागे नेम क्वचितच असतो. ते फार चालतात आणि फार कमी बघतात. म्यूल डिअरचे कान मोठे, नाक तिखट आणि नजर हालचालीवर. तुम्ही झाडीतून चालत निघालात की तो तुम्हाला आधी हेरतो आणि डोंगराच्या पलीकडे जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. ही शिकार पायांपेक्षा डोळ्यांनी होते. माझ्या मते पहिल्या यशाचं गमक हेच आहे, आणि बाकी सगळ्या सामानात काटकसर करून चांगला १० बाय ४२ चा बायनॉक्युलर आणि तो लावायला ट्रायपॉड घ्या. हातात धरलेला बायनॉक्युलर श्वासाबरोबर हलतो. ट्रायपॉडवर तो स्थिर झाला की समोरच्या उतारावर जे आधी काहीच नव्हतं तिथे हरणं दिसू लागतात, हे प्रत्यक्ष केल्याशिवाय पटत नाही.

उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेलं असायला हवं. चढून आल्यावर घाम वाळू द्या, कोरडं जॅकेट चढवा, खाली फोमची गादी घ्या. थंडीने कुडकुडणारा माणूस तासभरही बसत नाही. पहिल्या उजेडात आधी नुसत्या डोळ्यांनी मोकळी गवतं आणि झाडीच्या कडा पाहा. मग बायनॉक्युलरने उताराचे पट्टे पाडा. डावीकडून उजवीकडे, एक पट्टा संपला की थोडं खाली, पुन्हा उजवीकडून डावीकडे. प्रत्येक चौकटीत नजर थांबवा, नुसती फिरवू नका.

अख्खं हरीण शोधू नका, ते तसं दिसत नाही. जंगलातल्या बहुतेक रेघा उभ्या असतात, त्यात एखादी आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. सेजच्या राखाडी रंगात ढुंगणाचा पांढरट ठिपका उठून दिसतो, त्यावर दोरीसारखी बारीक शेपटी आणि तिचं काळं टोक. कधी फक्त एक कान हलतो. जुनिपरच्या सावलीत मला एकदा कितीतरी वेळ एक वाळकी फांदी दिसत होती. ती फांदी दोन बाजूंना फुटलेली, त्या फाट्यांना पुन्हा फाटे. मग फांदी वळली आणि खाली काळसर कपाळ दिसलं. म्यूल डिअरच्या शिंगांची ठेवण अशीच असते. मुख्य शिंगाला दुबेळकं फुटतं आणि त्या प्रत्येकाला पुन्हा दुबेळकं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला एकाच वाकलेल्या दांड्यावर ओळीने काटे येतात. तुमच्या टॅगनुसार दोन्ही जाती चालत असल्या तरी काय मारतोय हे ओळखून मारा.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास हरणं चरणं थांबवून बसायला जातात. ही वेळ महत्त्वाची आहे आणि नेमकी याच वेळी लोक उठून गाडीकडे जातात. हरीण कुठे बसतंय ते शेवटपर्यंत पाहा. बहुधा उत्तरेकडच्या सावलीच्या उतारावर, खडकाच्या कपारीखाली किंवा एकट्या झाडाच्या बुंध्याशी, पाठ वाऱ्याकडे करून. दुपारी सावली सरकली की ते उठतं, दोन-चार पावलं जाऊन पुन्हा बसतं. तेवढ्या एका मिनिटात, सकाळी न दिसलेला नर दिसून जातो. म्हणून डबा वरच खा.

जवळ जाणं

हरीण बसलं की तुमच्याकडे वेळ आहे. घाई करू नका. आधी जागेची खूण पक्की करा : कुठला खडक, कुठलं वाळकं झाड. फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण दरी ओलांडून पलीकडे गेलात की तोच उतार अगदी वेगळा दिसतो आणि सगळी झाडं सारखी वाटू लागतात.

डोंगरातली हवा रोज ठरल्यासारखी वागते. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते. ऊन तापलं की ती वर चढू लागते. संध्याकाळी पुन्हा खाली. या नियमामुळे सकाळ ओसरल्यावर बसलेल्या हरणाकडे वरून उतरणं बरं पडतं. हवा खालून वर तुमच्या तोंडावर येते आणि तुमचा वास मागे राहतो. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा, दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवा. वारा फिरला आणि मानेवर लागला, तर थांबा किंवा मागे फिरा. हरणाच्या नाकाला फसवता येत नाही.

शेवटच्या टप्प्यात पाठपिशवी पुढे सारत बसून सरकावं लागतं. रेंजफाइंडरने अंतर मोजा. हरीण बसलेलं असताना गोळी न मारता ते उठायची वाट पाहणं मला बरोबर वाटतं, उभ्या हरणाची छाती नीट उघडी असते. पूर्ण आडवं उभं असेल किंवा किंचित पलीकडे वळलेलं असेल, तेव्हाच मारा. पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर. तोंड तुमच्याकडे असेल, पळत असेल, मागे दुसरं हरीण असेल, किंवा मागे मातीचा उतार नसून नुसतं आकाश असेल, तर बोट ट्रिगरवर जाऊ देऊ नका. बिचकलेला म्यूल डिअर चारही पाय एकदम उचलून उड्या मारत सुटतो, पण थोडं लांब जाऊन बरेचदा थांबून मागे वळून पाहतो. तेव्हा पुन्हा संधी मिळू शकते. आणि नाही मिळाली तर नाही. जखमी होऊन डोंगरापलीकडे गेलेलं हरीण हे न मिळालेल्या हरणापेक्षा फार वाईट. कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास ही वेळ आहे, पण संध्याकाळच्या शेवटच्या मिनिटांत नवख्याने मारू नये. रक्ताचा माग टॉर्चच्या उजेडात काढणं कठीण असतं.

गोळीनंतर

लगेच दुसरी गोळी भरा आणि स्कोपमधून पाहत राहा. हरीण कुठल्या दिशेने गेलं, शेवटचं कुठे दिसलं, ते लक्षात ठेवा. ते समोर पडलेलं दिसत नसेल तर अर्धा तास जागचे हलू नका. मग जिथे ते उभं होतं तिथे जाऊन जमीन पाहा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसं, हरीण जवळच असणार. गडद रक्त म्हणजे यकृत, आणखी थांबा. हिरवट, दुर्गंधीयुक्त काही दिसलं तर पोटाला लागलंय, अशा वेळी काही तास थांबायला हवं, नाहीतर ते उठून पुढे जातं. प्रत्येक रक्ताच्या थेंबाजवळ टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत जा. माग तुटला तर मागे वळून दिशा दिसते.

हरणाजवळ मागच्या बाजूने जा, डोळ्याला काठी लावून पाहा. पापणी हलली नाही म्हणजे संपलं. मनात त्या वेळी जे येतं ते प्रत्येकाचं वेगळं, त्याला थोडा वेळ द्या. मग टॅग काढा, तारीख घाला, सही करा. हे आधी, फोटो नंतर.

आता खरं काम. पहिल्यांदा करणाऱ्यासाठी मी पोट न फाडता तुकडे काढण्याची पद्धत सुचवतो. रबरी हातमोजे घाला. हरीण कुशीवर आडवं करा. पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत चिरा घ्या, सुरीची धार वर ठेवून, म्हणजे केस कापले जाऊन मांसाला चिकटत नाहीत. कातडं पोटाकडे सोलत आणा. पुढचा पाय हाताने उचलून धरा. तो कुठल्याही सांध्याने धडाला जोडलेला नसतो, फक्त स्नायूंनी. काखेत सुरी फिरवत गेलात की तो अलगद सुटून हातात येतो आणि आपण हे करू शकतो असा धीर येतो. मग कण्यालगतची लांब पट्टी, बॅकस्ट्रॅप. मागच्या पायाला खुब्यात गोल सांधा असतो, मांसातून सुरीचं टोक त्यात शिरलं की पाय सुटतो. मानेचं मांस काढा. हरीण दुसऱ्या कुशीवर वळवून तेच पुन्हा. शेवटी शेवटच्या बरगडीमागे हात घालून आतले दोन टेंडरलॉइन (कण्याखालच्या मऊ पट्ट्या) काढा. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला घोट्याशी काळपट केसांच्या ग्रंथी असतात, त्यांना लागलेली सुरी मांसाला लावू नका.

चारही पाय, बॅकस्ट्रॅप आणि टेंडरलॉइन हे नेणं कायद्याने बंधनकारक आहे. लिंगाची खूण एखाद्या तुकड्याला निसर्गतः जोडलेली ठेवावी लागते, ती सुरी चालवण्याआधीच कुठे ठेवायची ते ठरवा. मांस कापडी गेम बॅगमध्ये घालून सावलीत झाडाला टांगा, प्लॅस्टिकमध्ये कधीच नको. मांस बिघडतं ते उष्णतेने. ऑक्टोबरच्या दुपारीही ऊन कडक असतं. पूर्ण वाढलेल्या नराचं हाडाविना मांस साधारण २५ ते ३० किलो भरतं, त्यात सामान आलंच. एकट्याने असाल तर दोन फेऱ्या धरा. जड ओझ्याखाली अंधारात उतरताना पाय मुरगळतात, म्हणून दुसरी फेरी सकाळी ठेवली तरी चालेल, रात्री थंडी असतेच. कुठल्या रस्त्याने गेलात आणि किती वाजेपर्यंत फोन करणार, हे घरी सांगून ठेवलेलं असावं. फोनला रेंज नसते, त्यामुळे सॅटेलाइट मेसेंजर घ्या.

तपासणी आणि स्वयंपाकघर

हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा प्राणघातक रोग आहे. १९६७ साली तो कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्समधल्या संशोधन केंद्रात पहिल्यांदा लक्षात आला. काही युनिटांमध्ये डोकं तपासणीला देणं सक्तीचं असतं. नसेल तरी द्या. मेंदू आणि कणा कापू नका, तपासणीचं डोकं सोडून बाकी हाडं रानातून आणूच नका. माणसाला हा रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. निकाल येईपर्यंत पाकिटं फ्रीजरमध्ये वेगळी ठेवा. शिकारीचं मांस विकणं हा गुन्हा आहे.

हरणाच्या मांसात चरबी नसते म्हटलं तरी चालेल. जी असते ती थंड झाल्यावर मेणासारखी टाळूला चिकटते आणि उग्र लागते, ती सगळी काढून टाका. ‘हरणाला वास येतो’ अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा तिच्यासकट शिजवलेलं असतं. बॅकस्ट्रॅपला मसाल्याची गरज नाही. मीठ, मिरपूड, कडकडीत तापलेल्या तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी भाजून आत गुलाबी असतानाच उतरवा. पूर्ण शिजवलात तर चिवट होतो. खांदा आणि मान मात्र आपल्या रश्श्यासाठीच आहेत. आलं-लसूण आणि हळद लावून रात्रभर ठेवा, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घाला. बकऱ्याच्या मटणापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त लागतात आणि फोडणीत तेल थोडं सढळ हाताने घालावं लागतं. उरलेल्या तुकड्यांचा खिमा करताना बोकडाची थोडी चरबी मिसळली तर तो कोरडा होत नाही. पाकिटांवर भाग आणि तारीख लिहा, नाहीतर तीन महिन्यांनी बॅकस्ट्रॅप कुकरमध्ये जाईल.